तिसऱ्या गोलानंतर

तिसरा गोल झाला आणि इंदापूरच्या मैदानाभोवती उभी असलेली बारामतीची सगळी माणसं एका दमात आत घुसली. कुणाचं धोतर सुटलं, कुणाचा पटका पडला, पण भान कुणाला होतं? गोल करणारा फारुक गर्दीत दिसेनासा झाला आणि लगेच लोकांच्या खांद्यांवर वर आला. शिट्ट्या फुंकून फुंकून पंच थकला. मैदान मोकळं झालं तेव्हा खेळायला वेळच उरला नव्हता. अर्ध्या खेळापर्यंत दोन गोलांनी मागं पडलेला बारामतीचा कऱ्हाकाठ फुटबॉल संघ तीन-दोननं जिंकला होता. पुढच्या रविवारी याच मैदानावर ढालीसाठी शेवटचा सामना होता, आणि तो साखर कारखान्याच्या संघाशी.

एकटा झुंबर चुन्याच्या रेघेबाहेर उभा राहिला. त्याचा डावा पाय अधू, म्हणून धावला नसेल, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. गोल झाला तेव्हा त्याच्याही तोंडून आरोळी निघाली होती. पण ती अर्ध्यातच विरली. आधी दीड तास जे काही बघितलं होतं, ते त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

छप्पन सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. झुंबरचं बारामतीत स्टेशनच्या रस्त्याला सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पुढं पाण्याचं घमेलं आणि हवा भरायचा पंप. संघाच्या चेंडूचं ब्लॅडर फुटलं की तोच ठिगळ लावायचा. कधीकाळी तो स्वतः या संघाचा फूलबॅक, मागं राहून गोल राखणारा गडी होता. त्याच्या अंगावरून चेंडू गेला तर माणूस जात नाही आणि माणूस गेला तर चेंडू जात नाही, असं त्याच्याबद्दल बोलायचे. पुढं नीरेकडच्या एका गावात सामना चालू असताना त्याच्या नडगीचं हाड मोडलं. गावच्या हाडवैद्यानं ते बसवलं, पण वाकडं बसलं. त्या दिवसापासून दहा वर्षांत झुंबरनं मैदानाच्या रेघेच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर मात्र तो प्रत्येक सामन्याला हजर असे.

परतीच्या ट्रकमध्ये गुलाल उधळला जात होता. गुळाच्या अडतीवरचे दिवाणजी रावजी आबा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, टपावर हात आपटून ओरडत होते, "अरं, असला खेळ पुन्यात न्हाय बघाया मिळायचा!" कुणीतरी झुंबरच्या तोंडालाही गुलाल फासला. तो हसला. पण सामन्याबद्दल बारामती येईपर्यंत तो काही बोलला नाही.

बोलला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दस्तगीरच्या हॉटेलात.

दस्तगीरभाईचं हॉटेल म्हणजे संघाची कचेरीच. सामना झाला की दुसऱ्या सकाळी सगळे तिथं जमायचे आणि सामना नव्यानं खेळायचे. बशा गोलखांब व्हायच्या, खारीचे तुकडे खेळाडू व्हायचे. त्या दिवशी बाकड्यांवर जागा नव्हती. दस्तगीरभाई स्वतः भट्टीपाशी उभा राहून सांगत होता, "फारुकनं उडी मारली ती अशी, घार उडावी तशी. वरच्या वर डोकं लावलं चेंडूला. त्येला चांदीचा बिल्ला द्याया पायजे."

"आन् दुसरा गोल?" रावजी आबा म्हणाले. "कुंडलिकनं कोपऱ्यातनं कसा फिरवला! ह्या पोरांच्या अंगात वारं शिरलं हुतं."

"पहिल्या अर्ध्यात कुठं गेलं हुतं ते वारं?" झुंबर म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. कपबशी हातात धरून तो दाराशी उभा होता.

"आबा, आपन काल हरलो हुतो," झुंबर पुढं म्हणाला. "त्यांची पोरं दमली आन् शेवटाला त्यांचा एक गडी पाय मुरगळून बसला, म्हनून आपन वाचलो. अकराच्या अकरा जन चेंडूमागं पळत हुते, दाने टाकल्यावर कोंबड्या पळत्यात तशे. कारखान्याची मानसं बूट घालून खेळत्यात, ती दमत न्हाईत. ह्यो खेळ घेऊन रविवारी गेलो तर चार गोल खाऊन येऊ."

"अरं, जिंकलो की न्हाय?" आबा चिडले. "जिंकल्यालं बघ. कसं जिंकलो ते काय चाटायचंय?"

"चाटायचं न्हाय, पन बघाया पायजे. आन् गोलात अप्पा नगं. त्येचं वय झालं. पहिला गोल त्येच्या हातातनं निसटला. भिमाला उभा करा."

सगळे कोपऱ्याकडं बघायला लागले. झुंबरला आधी कळलं नाही. मग कोपऱ्यातल्या बाकड्यावरून एक माणूस उठला. तो अप्पाच होता. गुळाच्या बाजारात हमाली करणारा, झुंबरबरोबर एकेकाळी खेळलेला, संघाचा गोलकीपर. त्यानं अर्धा राहिलेला कप खाली ठेवला, खांद्यावरचं पोतं सारखं केलं आणि झुंबरच्या शेजारून, त्याच्याकडं न बघता, निघून गेला.

मग हॉटेल पेटलं. एकजण म्हणाला, काल लोकांच्या खांद्यावर नाचत होतो, आज हा रडगाणं घेऊन आला. दुसरा म्हणाला, ह्याला कुणी विचारलं होतं? आणि रावजी आबा शांतपणे, म्हणूनच जास्त लागेल असं, म्हणाले, "झुंबर, तुजा पाय मोडला ह्यात ह्या पोरांचा काय गुन्हा? तुला दुसऱ्याचं यश सोसत न्हाय, यवढंच हाय बघ."

झुंबरनं कपबशी ठेवली आणि तो दुकानाकडं गेला. त्या दिवशी दोन सायकलींची चाकं त्यानं उलटी बसवली आणि पुन्हा काढली.

दुपारी बनाबाई, त्याची बायको, भाकरी घेऊन आली. गावात काय झालं ते तिच्या कानावर आलंच होतं. त्यानं भाकरी मोडली, पण घास तोंडात घातला नाही.

"अवं," बनाबाई म्हणाली, "आबा बोलले ते खरं हाय का?"

झुंबरला राग यायला हवा होता. पण ती टोचून बोलत नव्हती, नुसतं विचारत होती. त्यानं खोटं बोलायचं नाही असं ठरवून स्वतःच्या मनात डोकावून बघितलं. फारुक खांद्यांवर चढला तेव्हा पोटात काहीतरी दुखलं होतं का? दुखलं होतं.

"थोडं खरं हाय," तो म्हणाला.

"आन् मंग तुमी बोललात ते?"

"तेबी खरं हाय."

बनाबाईनं तांब्यातलं पाणी त्याच्यापुढं सरकवलं. "मंग नुसतं बोलून कसं भागंल? नावं ठेवनारा आनी वाट दावनारा, मानसं ह्यातलं कायतरी एक धरत्यात. तुमी काय धरनार ते तुमी ठरवा. भाकर खावा आधी."

झुंबरनं भाकरी खाल्ली, टपरीला कुलूप घातलं आणि लंगडत गुळाच्या बाजाराकडं निघाला.

बाजारात गाड्या लागल्या होत्या. अप्पा पाठीवर ढेप घेऊन उतरत होता. झुंबरला बघून त्यानं तोंड फिरवलं. झुंबर एका पोत्यावर बसून राहिला. गाडी रिकामी झाली. अप्पानं घाम पुसला.

"काय पायजे?"

"मी तुज्या म्होरं बोलाया पायजे हुतं. मागं बोललो."

"मागं कुठं? चारचौघांत बोललास. मी तितंच बसलो हुतो." अप्पानं नाकपुड्या फुगवल्या. "पहिला गोल माझा. चेंडू वला हुता, हातातनं सुटला. ते मी कवाच नाकारलं न्हाय. पन दुसरा? दुसऱ्याचं सांग तू. लई बघतोस ना भायेरनं?"

"दुसरा तुज्या उजव्या अंगानं गेला."

"कसा गेला?"

झुंबर सांगायला लागला आणि अडखळला. चेंडू आत गेला तो त्याला दिसला होता. त्याआधी काय झालं, ते मात्र आठवेना. त्या वेळी तोही इतरांसारखा चेंडूकडंच बघत होता.

अप्पा उठला. गुळाच्या बारक्या ढेपा त्यानं जमिनीवर एकेक करून मांडल्या. "ह्यो मी. ह्यो आपला फूलबॅक जयवंता, ह्यो भिमा, ह्यो कुंडलिक." मग त्यानं जयवंताची ढेप उचलून पार पलीकडं, गाडीच्या चाकापाशी नेऊन ठेवली. भिमाची ढेप तिच्या शेजारी ठेवली. "गोल मारायची हौस. समदे म्होरं. त्यांनी लांबनं चेंडू हानला, त्यांचे तीन गडी आले आन् त्यांच्या समोर मी येकटा. आता सांग, तू गोलात असतास तर काय केलं असतंस?"

झुंबरनं जयवंताची ढेप उचलली आणि हळूच मागं, अप्पाच्या ढेपेपुढं आणून ठेवली. मग भिमाची. मग पुन्हा सगळ्या उचलून वेगळ्या मांडल्या. अप्पा त्याच्याजवळ उकिडवा बसला. "न्हाय, ही हितं नगं, जरा अलीकडं." दोघांचं असं चालू होतं तेवढ्यात अडतवाला ओरडला, गूळ मातीत का लोळवताय म्हणून.

"गोलात तूच ऱ्हानार," उठता उठता झुंबर म्हणाला.

"ते तू कोन ठरवनार?" अप्पा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो मैदानावर आला.

पहाटे आले ते पाचजणच. झुंबरनं दुकानातले झिजलेले टायर सायकलीवर लादून आणले होते. चुन्याच्या रेघेपाशी तो थबकला. मग त्यानं वहाणा काढल्या आणि आत गेला. जमीन थंड होती, बारीक खडे तळव्याला टोचत होते. दहा वर्षांनी टोचत होते. त्यानं मैदानभर टायर मांडले, एका खेळाडूला एक.

"चेंडू आपल्यापाशी हाय तवर कुठंबी पळा," तो म्हणाला. "चेंडू गेला की ज्येनं त्येनं आपल्या टायरात याचं. मंग दुसरं काय ते करायचं."

फारुक आला तो उशिरा. फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, बावीस वर्षांचा, सामन्यापासून गावात मान वर करून चालणारा. टायर बघून तो हसला. "झुंबरदादा, मी काय बैल हाय का दाव्याला बांधायला?"

"तू बैल असतास तर सोपं हुतं. बैल आपल्या गोठ्यात परत तरी येतो."

पोरं हसली. फारुकच्या कपाळाला आठी पडली. त्याला वाटलं असतं तर तो तिथूनच घरी गेला असता, आणि गेला असता तर बाकीचेही गेले असते. झुंबरला ते कळत होतं. पण फारुक जवळ आला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "दादा, एक सांगू? कुनाला बोलू नका. तिसऱ्या गोलाला माझं डोळं मिटलेलं हुतं. चेंडू डोक्यावर कवा आदळला मला कळलंबी न्हाय. लोक म्हनत्यात घारीवानी उडी मारली. पुढल्या रविवारी तसंच करायला सांगतील, आन् मला ते कसं केलं तेच ठावं न्हाय."

झुंबरनं त्याच्याकडं बघितलं. इतका वेळ तो ज्याचा हेवा करत होता ते पोरगं घाबरलेलं होतं.

"मंग डोळं उघडं ठिवून करू," झुंबर म्हणाला. "जा, तुझा टायर तो मधला."

आठवडाभर असंच चाललं. रोज पहाटे एखाददुसरा नवा गडी यायचा. पहिल्यांदा सगळे चेंडूमागंच पळायचे. झुंबर ओरडायचा, टायर दाखवायचा, स्वतः लंगडत जाऊन त्यात उभा राहायचा. एकदा जयवंता म्हणाला, "उगंच पाय कशाला वढताय, बाहेर बसून सांगा की." झुंबर म्हणाला, "बाहेर बसून लई दिवस सांगितलं." संध्याकाळी पाय इतका ठणकायचा की बनाबाई गरम पाण्याचा शेक द्यायची. शनिवारी त्यानं टायर उचलून घेतले. मैदान रिकामं होतं, तरी चेंडू हुकला की पोरं आपापल्या जागेकडं परत पळत होती.

रविवारी इंदापूरला दुप्पट गर्दी होती. कारखान्याचा संघ पट्ट्यापट्ट्यांचे सदरे आणि बूट घालून उतरला. बारामतीची निम्मी पोरं अनवाणी होती. सामना सुरू झाला आणि बराच वेळ काही घडलंच नाही. कारखान्याचे गडी चेंडू घेऊन यायचे आणि भिंतीवर आदळल्यासारखे परत जायचे. मग भिमानं एक चेंडू अडवून फारुककडं दिला. सगळ्यांना वाटलं तो आता एकटा घुसणार, पण त्यानं डावीकडं बघितलं आणि कुंडलिकला दिला. कुंडलिकनं खालूनच, जमिनीला घासत, चेंडू आत घातला. फार देखणा असा तो गोल नव्हता. एक-शून्य.

त्यानंतर बारामतीच्या संघानं दुसरं काहीच केलं नाही. चेंडू गेला की परत यायचं. आला की अडवायचा. लोक कंटाळले. "म्होरं जा की रं! हानाऽ!" असं रावजी आबा घसा फोडून ओरडत होते. फारुकनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, आणि झुंबरला वाटलं, पोरगं आता बावचळतंय. फारुकनं नुसती मान हलवली आणि आपल्या जागेवर परत गेला.

शेवटाला कारखान्याचा एक धिप्पाड गडी जयवंताला चुकवून आत शिरला. समोर एकटा अप्पा. आता सगळं संपलं म्हणून झुंबरनं रेघेवर उभ्या उभ्याच मुठी आवळल्या. गड्यानं पाय उचलला त्याच क्षणी अप्पा त्याच्या पायांवर पडला. चेंडू पोटाखाली गेला आणि बूट खांद्यावर बसला. आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. अप्पा उठला तेव्हा त्याचा एक हात लोंबत होता, दुसऱ्या हातानं त्यानं चेंडू लांब फेकला. थोड्या वेळानं शिट्टी झाली.

ढाल मिळाली. या वेळीही लोक आत धावले, पण आठवड्यामागच्या त्या उसळीनं नाही. हारतुरे झाले, फोटो निघाला, ट्रक सुटला. ट्रक हलल्याबरोबर वाद सुरू झाला.

"ह्यो काय खेळ झाला?" रावजी आबा म्हणाले. "गेल्या रविवारी कसं काळीज तोंडाशी आलं हुतं. आज निस्तं उभं ऱ्हायले, बुजगावन्यावानी."

"आबा, ढाल हाय की आपल्याकडं," दस्तगीरभाई म्हणाला.

"ढाल हाय, पन सांगायचं काय लोकांस्नी? पोरं आपापल्या जागंवर हुती म्हनून?" मग ते झुंबरकडं वळले. "जिंकवलंस बाबा तू. मी गेल्या खेपंला बोललो ते माघारी घेतो. पन मजा घालवलीस, ते मातूर मी म्हननार."

"म्हना आबा," झुंबर म्हणाला. "तुमी ओरडलात म्हनून फारुक म्होरं गेला असता तर मी ट्रकमधनं उतरून चालत आलो असतो."

"ह्या पायानं?"

"ह्याच पायानं."

सगळे हसले, आबाही हसले. फारुक मात्र वाद घालायला लागला की गोल कुंडलिकचा असला तरी पास कसला होता ते कुणी बघितलं का? कुंडलिक म्हणाला, पास जरा मागंच आला होता, मी सांभाळून घेतला. त्यावर भिमा बोलला. ट्रक कऱ्हेच्या पुलावर येईपर्यंत सगळे एकाच वेळी बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

पुढं कितीतरी वर्षं बारामतीत त्या सालची गोष्ट निघाली की लोक इंदापूरच्या तिसऱ्या गोलाचीच सांगायचे. घार, उडी, गुलाल, सगळं. ढाल ज्या गोलानं आली तो कुणी मारला, हे निम्म्यांना आठवत नसे. झुंबर कधी सांगायला जात नसे. सुरुवातीला त्याला त्याचं थोडं वाईट वाटलं, मग सवय झाली. पोरं त्याला मास्तर म्हणायला लागली होती आणि दुकान पहाटेऐवजी उन्हं आल्यावर उघडायला लागलं होतं.

पण ते नंतरचं. सोमवारी सकाळी अप्पा टपरीपुढं आला, हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. महिनाभर ढेप उचलता येणार नव्हती.

"पुढल्या साली मी गोलात न्हाय," तो खाली बसत म्हणाला. "भिमालाच तयार करू. तू म्हनला हुतास तसं."

"भिमा आता मदल्या फळीत लागतो मला," झुंबर म्हणाला. "दुसरा बघावा लागंल."

"मंग कोन?"

"ते आता तू सांग. हात बांधलाय, डोळं तर उघडं हायती. उद्या पहाटं ये."

अप्पा म्हणाला, उद्या कुणी येणार नाही, कालच तर ढाल मिळालीय. झुंबर म्हणाला, नाही आले तर परवा येतील. दुसऱ्या दिवशी पहाटे तिघंजण आले. झुंबरनं वहाणा काढल्या आणि अप्पाला गोलखांबाशी बसवून कामाला सुरुवात केली.